एक टक्क्याची भागीदारीण

२४ मार्च २०२५, सोमवार

दुरुस्ती. अकरा मार्चच्या नोंदीत मी लिहिलं आहे, "ओदिलिया मावशी स्वतःच म्हणाली की तपासणी जूननंतर करते, घाई नाही." तिथे असं वाचावं: "मी म्हणाले की तपासणी जूननंतर कर, आणि ती हो म्हणाली."

तेरा दिवस ती ओळ टोचते आहे. बाबा नोंदणी कचेरीत कारकून होते. दम्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बाबांनीच शिकवलं, आणि पहिला धडा अक्षरांचा नव्हता. खोडायचं नाही. चुकलं तर खाली लिहायचं, वर अमुक आहे तिथे तमुक वाचावे, आणि तारीख घालायची. तारीख नसलेली नोंद म्हणजे नुसत्या गप्पा, असं ते म्हणत.

तर घडलं ते असं. खालच्या मजल्यावरची ओदिलिया मावशी सरकारी दवाखान्यातली चिठ्ठी नाचवत वर आली.

"ऐकलंत का? त्या डॉक्टरणीला माझ्या मागच्या दारातून दुर्बीण घालून बघायचंय म्हणे! नवरा गेल्याला बावीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि आता एकदम दुर्बीण!"

रक्त पडतं, म्हणाली. थोडंसंच, मूळव्याध असेल. सरकारी रांगेत नंबर लागायला आठ-नऊ महिने. विम्याच्या कार्डावर केली तर दहा दिवसांत होईल का, असं ती विचारत होती.

आईने कॉफी गाळता गाळता माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणाले, "मावशी, एवढी मोठी तपासणी आत्ता कार्डावर टाकली तर जूनमध्ये आपल्या कंपनीचा हप्ता भलताच चढेल. थांबतेस का तेवढं?"

"थांबते की. मूळव्याध काय पळून जाते होय?"

मला कुणी सांगायला लावलं नव्हतं. आईने फक्त पाहिलं. हेही लिहून ठेवते.

२७ मार्च, गुरुवार

उद्या ही वही कुणी वाचली (कोण वाचणार?) तर त्याला कंपनीची भानगड कळणार नाही, म्हणून लिहिते.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले आणि त्यांच्या कचेरीचा विमा त्यांच्याबरोबर गेला. आईच्या हृदयाची झडप, माझा दमा. नुसत्या कुटुंबाला विमा विकायला कुणी तयार नाही. विकतात ते कंपन्यांना. विम्याचे दलाल वाल्मोर यांनी सांगितलं, "मग कंपनी काढा की. गावात निम्म्या लोकांनी काढलीय. फक्त तीन जीव दाखवावे लागतील." आम्ही दोघीच. तेव्हा आईने ओदिलिया मावशीला विचारलं. तिला कोणीच नाही, कपडे शिवून राहते. कंपनीत ती एक टक्क्याची भागीदारीण, उरलेलं मी आणि आई. मालकीण म्हणून सही माझी. आमची कंपनी समारंभासाठी मिठाई बनवते, असं कागदावर आहे. आम्ही आजवर एक वडी विकलेली नाही.

तिच्या वाट्याचा हप्ता आईच भरते. त्या बदल्यात मावशी आमचे कपडे शिवते, पडदे शिवते, आई आजारी असली की रात्रंदिवस बसते. दर रविवारी खोबऱ्याच्या वड्या करून आणते आणि दारातूनच ओरडते, "उठून उभ्या राहा गं, भागीदारीण आलीय! कंपनीचं उत्पादन कोण करतंय इथे? मीच ना?" मग ताटलीतल्या एका वडीचा कण सुरीने कापते, "हा माझा एक टक्का," आणि तोंडात टाकते. चार वर्षं तोच विनोद, आणि चार वर्षं आम्ही हसतो.

आज तिला म्हणाले, मावशी, बारीक झालीस, छान दिसतेस. खूश झाली. घागरा कमरेत आत घेतलाय म्हणाली.

५ एप्रिल, शनिवार

विम्याचं पत्र आलं. वाढीचा टक्का अजून ठरायचा आहे, पण गेल्या वर्षीपेक्षा कमी नसेल हे त्यांच्या गोड भाषेवरूनच कळतं. आत्ताच आईची अर्धी पेन्शन त्यात जाते, आणि चष्म्याच्या दुकानातला माझा पगार उरलेल्या घरात.

आईने पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला.

"ओदिलियाचा वाढदिवस कधी?"

"तीन जूनला. का?"

"एकोणसाठ लागणार."

मला लगेच कळलं नाही. आईने समजावलं. साठी उलटलेल्या माणसाचा दर वयाचं कारण दाखवून वाढवता येत नाही, असा कायदा आहे. म्हणून विमावाले एकोणसाठीलाच सगळं उपटून घेतात. शेवटची पायरी, आणि सगळ्यांत उंच. मावशीचा एकटीचा हप्ता आम्हा दोघींच्या बरोबरीला जाईल.

"तिच्या जागी रेजानेला घेतलं तर?" आई म्हणाली. रेजाने माझी मावसबहीण, तेवीस वर्षांची, घोड्यासारखी ठणठणीत. ती आपला हप्ता आपण भरेल. "जीव तीनच लागतात ना?"

"आई, तिची ती तपासणी..."

"आधी तपासणी होऊ दे मग काढू, असं म्हणतेस? बरं. आणि काही निघालं तर? मग काढशील तिला? आहे हिंमत?" मी पत्राची घडी घातली. "मी काय राक्षसीण आहे का, जोर्दाना? माझी बहीण मानते मी तिला. पण तीन जणी बुडण्यापेक्षा एकीने सरकारी रांगेत उभं राहिलेलं बरं. अख्खा देश उभा राहतो."

यात खोटं काय आहे ते मी तेव्हापासून शोधते आहे. सापडत नाही, तरी सगळं खोटं वाटतं.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

मावशी जेवायला होती. आईने खारवलेला मासा बटाटे घालून केला होता. मावशीने दोन घास खाल्ले आणि बाकीचं ताटातच इकडून तिकडे फिरवलं.

"अगं, जेव ना. वर्षातून एकदा करते," आई म्हणाली.

"कंपनीचा खर्च वाचवतेय, मार्लूसे."

मग तिने पिशवीतून कार्ड काढून दाखवलं. प्लास्टिकचं पाकीट अजून काढलेलं नाही. "बघ, कोरं करकरीत. चार वर्षांत एकदाही वापरलं नाही. त्या विमेवाल्यांना म्हणावं, असा भागीदार शोधून दाखवा." तिला खरंच अभिमान वाटतो. जणू वह्यांत एक डागही पडू न देणारी मुलगी.

निघताना जिन्यात मला हळूच विचारलं, "जूनच्या कितव्या तारखेनंतर गं? कॅलेंडरवर खूण करून ठेवते."

"दहा जूननंतर," मी म्हणाले. तोवर आई तिच्या जागी रेजानेला घेणार आणि दहा जूनला तिचं कार्ड चालणारच नाही, हे मला माहीत होतं. सांगितलं ते असं सहज, की माझा मलाच धक्का बसला. उतरताना ती कठड्याला धरून दोनदा थांबली. आमचा जिना जुना आहे, पायऱ्या उंच आहेत.

२९ एप्रिल, मंगळवार

आज विम्याचा करार पूर्ण वाचला. चार वर्षांत पहिल्यांदा. बाबा असते तर पहिल्याच दिवशी वाचायला लावला असता.

मावशीला काढण्याचा कागद कसा करायचा ते बघायचं म्हणून वाचत होते. अठराव्या पानावर लिहिलं आहे की तीसपेक्षा कमी जिवांच्या सगळ्या लहान कंपन्या एकत्र धरतात, आणि सगळ्यांना मिळून एकच टक्का लावतात. मी तीनदा वाचलं. मग दुकानातून वाल्मोरना फोन केला.

"आम्ही कार्ड कमी वापरलं तर आमची वाढ कमी होते ना?"

ते हसले. "अहो ताई, तुमची तीन माणसं कोण मोजत बसलंय? हजारो कंपन्यांची एक मोट बांधतात. तुम्ही रोज डॉक्टरकडे गेलात काय आणि चार वर्षं शिंकला नाहीत काय, टक्का तोच. ते कमी-जास्त वापराचं गणित मोठ्या कारखान्यांना. तुम्हाला कुणी सांगितलं?"

आईने. आई तीस वर्षं कापड गिरणीच्या कार्यालयात होती. तिथे सातशे माणसं होती, दर वर्षी नूतनीकरणाच्या आधी फलकावर सूचना लागायची, विमा जपून वापरा. तिच्यासाठी ते खरंच होतं. आमच्यासाठी कधीच नव्हतं.

म्हणजे मावशी थांबली ते फुकट. अकरा मार्चपासून आजपर्यंत सात आठवडे. कुणाचा एक पैसा वाचला नाही. मी हप्ता वाचवायला तिला थांबवलं, एवढं तरी कारण माझ्याजवळ होतं. आता तेही नाही.

दुकानात एका बाईंना दुसऱ्याचाच चष्मा दिला. त्या बिचाऱ्या दारापर्यंत चाचपडत गेल्या.

संध्याकाळी जाताना मावशीला सांगेन.

२ मे, शुक्रवार

सांगितलं नाही. मंगळवारी तिच्याकडे लग्नाचा झगा घेऊन गिऱ्हाईक बसलं होतं. बुधवारी मला उशीर झाला. काल कामगार दिनाची सुट्टी, ती झोपली होती, सकाळी अकरा वाजता. ती कधी झोपते अशी? माझ्या नशिबाने झोपली, असं वाटलं. हे वाटलं म्हणून लिहिते.

आईला मात्र सांगितलं. अठरावं पान समोर ठेवलं. ती बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसली.

"म्हणजे मी पण..." एवढं बोलून थांबली आणि उठून गॅसवरचं दूध बघायला गेली. गॅसवर दूध नव्हतं. जानेवारीत तिची हृदयाची तपासणी असते. या जानेवारीत गेली होती का, हे मला आठवत नाही.

परत आली ती वेगळीच होऊन. "तिला आत्ता सांगू नकोस. आधी सही होऊ दे."

"का?"

"आत्ता सांगितलंस तर ती उद्या तपासणीला जाईल. आणि काही निघालं, की मग तुझा हात उठणार नाही, माझाही उठणार नाही. मग पुढच्या वर्षी आपण तिघीही विम्याबाहेर. मला माझी भीती नाही. रात्री तुझा श्वास अडकला की सरकारी दवाखान्याच्या बाकावर तुला घेऊन बसायचं, ते मी केलंय. तू चार वर्षांची होतीस. तुला आठवत नाही. मला आठवतं."

मला खरंच आठवत नाही. आई चुकतेय असं लिहायला हात जात नाही. ती माझ्यासाठी करते आहे, म्हणून पाप माझंच.

११ मे, रविवार, मातृदिन

मावशी मक्याच्या पिठाचा केक घेऊन आली. "मूल नाही तरी मातृदिनाला मला कोण विसरतं बघूया!" मी तिला फुलं दिली. तिने गालावर मुका घेतला, गाल गार लागला.

घागरा नवा का, विचारलं. "जुनाच गं. पुन्हा आत घेतला. आता चुण्या घालायला कापड पुरेनासं झालंय."

आईने जेवणानंतर कपाटातून कागद काढून टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि भांडी घासायला गेली. भागीदारी सोडल्याचा कागद. मावशीने न वाचताच सही केली. शिवणकामाचा चष्मा लावून, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर टाका घालावा तसं.

"झालं. अजून कुठे करू? आज भागीदारीण मोठ्या मनाची झालीय."

मग नेहमीप्रमाणे केकचा कण कापला, एक टक्का. या वेळी तोंडात टाकला नाही, बशीतच ठेवला.

आई भांडी फार वेळ घासत होती. दोन बशा तिने तीनतीनदा घासल्या.

माझी सही राहिली आहे. तिघींच्या सह्या नोंदणी कचेरीत साक्षांकित झाल्याशिवाय कागदाला किंमत नाही. वाल्मोरना पंधरा तारखेपर्यंत हवा आहे.

१३ मे, मंगळवार

दुरुस्ती. अकरा मेच्या नोंदीत लिहिलं आहे, "मावशीने न वाचताच सही केली." तिथे असं वाचावं:

मावशीने कागद हातात घेतला आणि विचारलं, "काय लिहिलंय गं यात? अक्षर फार बारीक आहे." मी म्हणाले, "दरवर्षीचाच कागद आहे मावशी, नूतनीकरणाचा." ती म्हणाली, "तू वाचलंस म्हणजे मी वाचलं. तू बापाची लेक आहेस." मग तिने सही केली.

आता खरं लिहून झालं. लिहिल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत बाबांच्या जुन्या कचेरीत गेले होते. कागद पिशवीत होता, पेनही. रांगेत माझ्यापुढे दोन माणसं. खिडकीपलीकडे बाबांचे सोबती आदालबेर्तो काका अजून आहेत. त्यांनी मला ओळखलं.

"अरे, ही तर आमच्या आदाउतोची पोर! काय आणलंस? दे इकडे, रांग कशाला?"

मी कागद काढला. त्यांनी नजर फिरवली. "भागीदारीण बाहेर पडतेय होय? तिघींनी समोर येऊन सही करायचा नियम आहे, पण तू आदाउतोची मुलगी. त्यांच्या सह्या तुझ्यासमोर झाल्यात ना? त्यांना सगळं वाचून दाखवलंस ना? मग पुरे. तू सांगितलंस की झालं."

पूर्ण खिडकी माझ्याकडे बघते आहे असं वाटलं. मी म्हणाले, माझी सही करायची राहिलीय काका, पेन विसरले. त्यांनी आपलं पेन पुढे केलं. मी म्हणाले, नंतर येते. माझ्या पिशवीच्या तोंडातून माझं पेन दिसत होतं. त्यांनाही दिसलं असणार. त्यांनी कागद दुमडून परत दिला आणि म्हणाले, "तुझा बाप इथे तीस वर्षं बसला. एक दिवस एका बड्या माणसाला म्हणाला, साहेब, आंधळ्या बाईची सही मी आंधळा होऊन घेणार नाही. नोकरी जायची वेळ आली होती. घरी सांगितलं होतं का त्याने?"

नव्हतं सांगितलं.

दुकानात परत आल्यावर मी तपासणी केंद्राला फोन केला. मावशीचा कार्ड क्रमांक मला पाठ आहे. चार वर्षं मीच फॉर्म भरते. तिथल्या बाई म्हणाल्या, विम्याची परवानगी लगेच मिळते, गुरुवारी बावीस मेला सकाळी सातची वेळ आहे, आदल्या दिवशीपासून पोट साफ करायचं औषध घ्यायचं, सोबत कुणीतरी हवं. मी माझं नाव सांगितलं.

आईला जेवताना सांगितलं. भांडण होईल या तयारीने सांगितलं.

"जूनचा हप्ता कसा भरायचा ते बोल," आई म्हणाली.

"मिठाई विकून."

"काय?"

"कागदावर लिहिलंच आहे ना, आपण मिठाई बनवतो. तिच्या वड्या चौकातल्या दोन दुकानांत ठेवू. मी विचारलंय. जूनच्या जत्रा आल्याच आहेत." एका दुकानाने हो म्हटलं आहे, दुसऱ्याला विचारायचं आहे. आईला मी दोन्ही म्हणाले. ही दुरुस्ती इथेच.

"खोबऱ्याच्या वड्यांवर तीन जणींचा विमा," आई म्हणाली. हसली नाही. "आणि नाही पुरलं तर?"

"तर सहा महिन्यांनी तिघी मिळून ठरवू. तिला विचारून."

आईने ताटातलं शेवटचं संपवलं. मग म्हणाली, "त्या केंद्रात हृदयाचंही करतात का, विचार." आणि ताट उचलून आत गेली.

कागद इथे वहीत आहे. बाबा सांगायचे, चुकीचा दस्त फाडायचा नाही. त्यावर आडवं 'रद्द' लिहून, कारण लिहून, ज्याची सही आहे त्याच्या समोर ठेवायचा. कारण मी अजून लिहिलेलं नाही. ते मला तिच्यासमोर लिहायचं आहे आणि मोठ्याने वाचून दाखवायचं आहे, अकरा मार्चपासूनचं सगळं. तपासणी थांबवली ते, दहा जून सांगितला ते, नूतनीकरण म्हणाले ते. ती हसेल, काहीतरी चावट बोलेल आणि मला माफ करेल, अशी मला भीती वाटते. तिने माफ करायच्या आधी सगळं वाचून व्हायला हवं.

या वहीत 'उद्या सांगेन' अशा अर्थाचं किती वेळा लिहिलं आहे ते आज मोजलं. सात. एकालाही तारीख नाही. म्हणून आता दस्तात लिहितात तसं लिहिते:

सन दोन हजार पंचवीस, मे महिन्याचा चौदावा दिवस, बुधवार, सकाळी साडेसात, मावशी शिवणयंत्रावरचं कापड काढायच्या आधी.